आजोबांच्या कपाटात मिनॉक्स बी हा छोटासा जुना कॅमेरा सापडला, चामड्याची केस आणि साखळीसकट. जपायचा कसा, नोंद कशी ठेवायची?

पहिलं काम, तो चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणच्या पावसात चामडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी येते, माझ्या एका कॅमेऱ्याची अशीच वाट लागली, लेन्सवर पांढरे कोळ्याचे पाय उमटल्यासारखं दिसत होतं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, केस वेगळी.

साखळी फेकू नका हां, ती शोभेची नाही! तिच्यावरचे मणी म्हणजे २० सेंमीपासूनची अंतरं, कागदपत्रांचा फोटो काढताना फोकस मोजायला. नोंदीत मण्यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, सिरियल नंबर लिहा, आणि कुठली वस्तू कॅमेऱ्यासोबतच मिळाली नि कुठली नंतर विकत घेतली ते आजच लिहा, पुढे आठवत नाही. आजोबांनी कुठून आणला हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या.

बी मॉडेल १९५८ पासूनचं, उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा, तो उजेडावरच चालतो, त्यामुळे सेल (बॅटरी) शोधत बसू नका. मूळ मिनॉक्सची रचना वॉल्टर झॅपची, तो बनायचा लात्व्हियातल्या रीगामध्ये, निगेटिव्ह फक्त ८×११ मिमी.