शंकासमाधान : बर्फात चालणारी बी-७

प्रश्न : कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या व्हालकूर इथल्या संग्रहालयात बी-७ ही बंद टपाची जुनी बर्फगाडी पाहिली. पुढे दोन स्की, मागे पट्टे. पण रणगाड्यांचे पट्टे तर तिच्याही आधीचे. मग हिच्यात नवं ते काय?

उत्तर : पट्टा फिरवणारं दातेरी चाक. जड लोखंडी पट्टा चिखलात उत्तम चालतो, भुसभुशीत बर्फात मात्र वजनानेच रुततो. रबरी पट्टा हलका. केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने रशियाच्या झारच्या मोटारींना तसे पट्टे बसवले होते. पण ते फिरत चाकाच्या घर्षणावर. रबर ओलं झालं की चाक नुसतंच गरगरतं. बरं, दाते लावावेत तर त्यांच्या खाचांत बर्फ ठासून बसतो. चाकाचा घेर वाढतो, पट्टा नको तितका ताणला जातो आणि दात्यांवरून उडतो, नाहीतर तुटतो.

बी-७ बनवणाऱ्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी दातेरी चाकावरच रबर चढवलं. ते चालताना दबतं, त्यामुळे बर्फाला घट्ट बसायला जागा मिळत नाही. रबरी पट्ट्यांवर आडव्या पोलादी पट्ट्या जोडल्या, म्हणजे लवचीकपणा रबराचा आणि पकड पोलादाची. याचं पेटंट जून १९३७चं. इंजिनाबद्दल सगळेच विचारतात, पण ते फोर्डचं तयार व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, होतं. त्यात विशेष काही नाही.

प्रश्न : इतकी उपयोगी गाडी दुर्मीळ का झाली?

उत्तर : आधी तिच्याच धाकट्या भावंडामुळे. १९४२च्या सुमारास बारा जणांची बी-१२ आली आणि डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची ने-आण तिच्याकडे गेली. मग १९४८च्या सुमारास क्यूबेक सरकारने गावोगावचे रस्ते हिवाळ्यातही मोकळे ठेवायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईकच आटलं. कॅनडातल्याच विनिपेग सरोवरावरचे मासेमार मात्र बी-१२ वापरत राहिले. तिच्या टपावर झडप असते. बर्फ फुटून गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेर पडायची वाट तीच.

प्रश्न : अशी जुनी गाडी चालवायची तर काय सांभाळावं?

उत्तर : आधी पट्टा तपासा. जुनं रबर कडक होतं आणि बोल्टच्या भोकांपासून चिरत जातं. मुक्कामी गाडी फळ्यांवर किंवा ओंडक्यांवर उभी करा. थेट बर्फावर ठेवली, तर रात्रीत स्की आणि पट्टे गोठून चिकटतात. सकाळी ते सोडवल्याशिवाय क्लच सोडला, तर पट्टा फाटायची भीती.