त्याचा नकार आधी ऐक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, फोटोही मोठे करून पाहिले. कसबा बावड्यातल्या त्या गॅलरीत, एवढ्याशा पिंजऱ्यात हा कॉकटेल (कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट) तगला कसा, याचंच नवल वाटतं. शेपटीची पिसं जाळीला घासून तुटलीत, छातीवर टक्कल पडलंय, नखं वाकडी वाढलीत. त्याला तिथून उचलून घरी आणलंस, फार चांगलं केलंस. तो हातावर कधी येईल, असं विचारतेस. तो प्रश्न सध्या बाजूला ठेव. तू खोलीत असताना तो निर्धास्तपणे दाणे खातो का, तेवढंच बघत राहा.

सगळ्यात आधी डॉक्टर. आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरं रोज बघतात, पाखरं सगळेच बघत नाहीत. म्हणून जाण्याआधी फोन करून विचार. छातीवरची पिसं त्यानं कंटाळून उपटलीत की कातडीचा काही आजार आहे, हे फोटोवरून सांगता येत नाही. नखं घरी कापू नकोस, आतली रक्ताची नस कापली तर रक्त लवकर थांबत नाही. पक्षी दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो. तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, किंवा प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होऊ लागली, तर सकाळची वाट बघू नकोस. विष्ठा कोरडी झाडू नकोस, ओल्या कागदानं पूस आणि हात धू. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांकडून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो.

आता तुझ्या भावाचं. टॉवेल टाकून धरायचा, मुठीत ठेवायचा, आपोआप माणसाळतो, असं तो म्हणतो. पाखरं विकणारेही पुष्कळदा हेच सांगतात. धरून ठेवलेला पक्षी थोड्या वेळानं धडपड थांबवतो हे खरं, पण तो शांत झालेला नसतो, त्यानं सुटायची आशा सोडलेली असते. दुसरं असं की, पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीचं हाड हललं तरच त्याच्या आत हवा जाते. छातीवर मूठ आवळली की तो गुदमरतो, जीवही जाऊ शकतो. टॉवेल फक्त डॉक्टरांसाठी. हे भावाला नीट समजावून सांग, रागावून नको, त्यालाही पाखराची हौस आहे म्हणूनच तो हे करतोय.

या पक्ष्याच्या आयुष्यात आजवर त्याच्या नकाराला काहीच किंमत नव्हती. हात आत आला की आला. तुला बदलायचंय ते एवढंच. त्यानं ‘नको’ म्हटलं की तू थांबायचं, दर वेळी, घरी पाहुणे बघत उभे असले तरी. त्याचं ‘नको’ ओळखायला त्याचा तुरा बघायला शीक. तुरा ताठ उभा असेल तर तो दचकलाय किंवा टेहळणी करतोय. तुरा डोक्याला चिकटलाय, अंग पुढे झुकलंय आणि तोंडातून फिस्कारा येतोय, म्हणजे आता चावणार. तुरा अर्धा, सैलसर मागे पडलेला, पिसं थोडी मोकळी, एक पाय पोटाशी ओढून घेतलेला, हा त्याचा निवांतपणा. संध्याकाळी झोपेआधी चोच चोचीवर घासल्याचा बारीक करकर आवाज आला तर खुशाल समज की आजचा दिवस बरा गेला. पण तो अगदी पुतळ्यासारखा थिजून बसला तर त्याला शांत समजू नकोस. अनेक जण तिथेच फसतात आणि हात पुढे नेतात.

पिंजरा मोठा घे आणि एक बाजू भिंतीला लागेल असा, तुझ्या छातीच्या उंचीवर ठेव. जमिनीवर ठेवलास तर सगळं घर त्याच्या अंगावरून चालल्यासारखं त्याला वाटेल. स्वयंपाकघरात बिलकूल नको. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा वास आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी त्यानं काही मिनिटांत दगावतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल हेही त्याच्या खोलीत नको. वर्षाची चटणी करायला आई मिरच्या भाजेल तेव्हा त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला ने आणि दार लाव. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही हे खरं, पण धूर तो धूरच. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढ, पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन वाळवून लाव, पायांना फोड येत नाहीत. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. कॉकटेल रात्री एकदम बिथरून पिंजऱ्यात आपटतात, म्हणून बारीक दिवा चालू राहू दे. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री तुमच्या गल्लीत डीजे लागणार असेल तर त्याला आतल्या खोलीत ठेव आणि शक्य असेल तर तूही जवळ बस.

रोजचा परिपाठ असा. खोलीत शिरण्याआधी दाराबाहेरूनच त्याला हाक मार. समोरून चालत जाऊ नकोस, तिरकी जा, आणि दोन्ही डोळे त्याच्यावर रोखू नकोस. शिकारी प्राणी तसं बघतो. तो फिस्कारायला लागेल त्याच्या दोन पावलं अलीकडे बस आणि आपलं काम कर. अभ्यासाचं पुस्तक मोठ्यानं वाच, शेंगदाणे खात बस. पक्षी थव्यात खातात, तू खाताना बघून त्यालाही धीर येतो. उठताना जाळीतून राळ्याच्या कणसाचा तुकडा अडकव आणि निघून ये. राळं त्याला एरवी देऊ नकोस, ते फक्त तुझ्याकडूनच मिळायला हवं. मात्र उपाशी ठेवून शिकवायचं नाही, त्याची रोजची वाटी भरलेली असू दे.

पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनीही असेल, तो तुझ्या बोटातलं कणीस ओढायला मान लांब करेल. पहिल्यांदा एक दाणा तोडून मागे पळेल, टरफल उडवेल, एका डोळ्यानं तुझ्याकडे बघेल. त्या वेळी हात तसाच ठेव, पुढे नेऊ नकोस. तो परत आला तर त्याच्या मर्जीनं आला, आणि हीच तुझी खरी कमाई. चार-पाच मिनिटांत थांब, त्याला अजून हवं असतानाच. चावला तर ओरडू नकोस, चोचीवर टिचकी मारू नकोस. हात सावकाश काढ आणि तो चावण्याआधी तुरा काय सांगत होता ते आठव. पिसं गळून नवी येत असताना तो चिडचिडा होईल, महिन्याची मेहनत वाया गेली असं वाटेल. नवी पिसं कोंबासारखी फुटतात, दुखतात, बाकी काही नाही.

नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन त्याचं यकृत चरबीनं भरतं आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. वरी, थोडी कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर असं हळूहळू सुरू कर. चॉकलेट, चहा आणि अव्होकाडो कधीही नाही. आपल्या पावसात दाणे दमट होऊन बुरशी धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर थोडेच आण आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. त्याला बाहेर सोडशील तेव्हा आधी छताचा पंखा बंद, खिडक्यांना पडदे. पंख मात्र कातरू नकोस, पळून जाता येतं हे ज्याला माहीत आहे तोच जवळ बसायचं धाडस करतो.

एक आठवलं म्हणून सांगतो. तू पाखरं सांभाळतेस हे कळलं की लोक तुझ्याकडे आपला हिरवा पोपटही आणून देतील. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याची गोष्ट वेगळी. आपला पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, तो घरी ठेवता येत नाही. कितीही जीव लागला तरी वन विभागाला कळव, त्यांची हेल्पलाइन १९२६.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा पिंजऱ्याजवळ नुसता ठेवून दे, म्हणजे त्याला तो ओळखीचा होईल. पुढे राळ्याच्या लोभानं तो स्वतःच त्यावर चढेल. मोठ्या कॉकटेलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतं, त्यामुळे आठ-दहा ग्रॅमची घटही धोक्याची. डॉक्टरांकडे त्याचं वजन करून घे आणि मला कळव. राळं आणि कोथिंबीर यांतलं त्यानं आधी काय खाल्लं, तेही लिही, मग पुढचं ठरवू.

तुझा,
काका