आजीचं वय आणि केळ्यावरची चिलटं

प्रश्न: नमस्कार दादा, माझी आजी ९३ वर्षांची आहे, अजून स्वतः भाकऱ्या थापते. नातेवाईक म्हणतात तुमच्या घराण्यात जास्त जगायचा जीनच आहे. फळमाशीत असा जीन सापडलाय असं वाचलं, मग माणसात टेस्ट करून कळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आजींना नमस्कार सांगा. आधी एक, ही आंबा किडवणारी फळमाशी नव्हे हां, पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना चिलटं, ती, ड्रोसोफिला. लॅबमध्ये दोन-अडीच महिन्यांत म्हातारी होऊन मरतात, म्हणून वयाचा अभ्यास त्यांच्यावर पटकन होतो.

तुम्ही वाचलं ते बहुतेक मेथुसेला जीनबद्दल असणार, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात शास्त्रज्ञ सेमूर बेन्झर यांच्या लॅबला सापडला. त्यात बिघाड झाला की माशी सरासरी ३५ टक्के जास्त जगते. नीट बघा, बिघाड झाला की! शरीरात इन्सुलिनचा निरोप पोचवणाऱ्या साखळीतला चिको नावाचा जीन आहे त्याचंही तसंच, २००१ मध्ये लंडनच्या टीमने दाखवलं की या जीनच्या आई-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या माद्या ४८ टक्क्यांपर्यंत जास्त जगतात, पण अंगाने बुटक्या राहतात आणि त्यांना पिल्लं होत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो शास्त्रज्ञ मायकल रोझ यांचा १९८४ साली छापलेला प्रयोग. त्यात कुठला जीन हुडकला नाही की बिघडवला नाही, फक्त दर पिढीला तरुण माश्यांची अंडी टाकून द्यायची आणि म्हाताऱ्या होईपर्यंत टिकलेल्यांचीच अंडी पुढे वाढवायची, बस. बाटलीत तेच खाणं, तेच कापसाचं बूच, आणि काही पिढ्यांत माश्या जास्त जगायला लागल्या, उपाशीही जास्त दिवस तग धरायला लागल्या, पण तरुणपणी अंडी कमी घालायला लागल्या. म्हणजे हे एका जीनचं काम नाहीच, थोडा थोडा हात लावणारे कितीतरी जीन आहेत आणि लवकर पिल्लं होणं नि जास्त जगणं यांची ओढाताण चालू असते.

आणि चिलटांतल्याच इंडी नावाच्या जीनचं काय झालं बघा. २००० मध्ये बातमी आली की त्यातल्या बदलाने सरासरी आयुष्य ३७ दिवसांवरून ७० च्या आसपास जातं, पुढे २००७ मध्ये दुसऱ्या टीमने माश्यांचे बाकीचे जीन सारखे करून बघितलं तर तो फायदा दिसलाच नाही. चिलटांत ही गत, तर एका जीनची टेस्ट करून किती जगाल ते सांगतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.