पिल्लाआधी ती ‘एफडी’ परत करा

पाथर्डी फाट्याहून आलेलं पत्र थोडक्यात असं: “वय 36, अंबडच्या कंपनीत नोकरी. हातात 58 हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता 21 हजार, घरखर्च 26 हजार. सात वर्षांच्या लेकीला शेल्टरमधलं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आवडलंय, कारवानी (शिकारी जात) आणि गावठी असं मिश्र. आणावं का? खर्च किती येईल? मोठं आजारपण आलंच तर बँकेत नुकतीच लाखाची विमावाली एफडी केलीय, ती मोडू. खात्यात आणखी 22 हजार आहेत.” सोबत दोन फोटो, एक पिल्लाचा, एक त्या एफडीच्या कागदाचा.

पिल्लू लेकीच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपलंय. पण माझी नजर दुसऱ्या फोटोवर अडकली. ‘प्रीमियम भरण्याचा कालावधी 10 वर्षे, पॉलिसीची मुदत 20 वर्षे.’ दादा, ही एफडी नाही. ही आयुर्विमा पॉलिसी आहे. पुढची नऊ वर्षंही लाख-लाख भरायचेत आणि विसाव्या वर्षी 18 लाख मिळणार आहेत. म्हणजे परतावा चार टक्क्यांच्याही आत. हाच पैसा पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकला असता, तर आजचा 7.1 टक्के दर टिकल्यास तेवढ्याच काळात 29 लाखांच्या आसपास झाले असते. आणि विमा केवढा, तर 10 लाखांचा. तुमचं कर्जच 24 लाख बाकी आहे. मुदत ठेव करायला आलेल्या माणसाच्या हाती असा कागद देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर “हो म्हणा” असंही तुम्हाला सांगितलं असणार.

कागद 19 दिवसांपूर्वी हाती आला म्हणता. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. ईमेलने आधी आली असेल तर दिवस तिथून मोजतात, म्हणून आजच इनबॉक्स बघा. अर्ज थेट विमा कंपनीला द्या, “एफडी सांगून पॉलिसी दिली” असं स्पष्ट लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. पॉलिसी देणाऱ्या बँकेतल्या बाई “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणाल्या तर थांबू नका. टाळाटाळ झालीच तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत येते. मुदत हुकली तर या लाखाचा मोठा हिस्सा गेला असं समजा.

आता पिल्लू. खाणं, लसी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, पुढे नसबंदी धरून महिन्याला सरासरी साडेतीन हजार लागतील. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं, म्हणजे महागाई न धरताही पाच-साडेपाच लाख. तुमच्या हातात महिन्याला 11 हजार उरतात. पॉलिसीचे सव्वाआठ हजार काढले की राहतात पावणेतीन. त्यात पिल्लू बसत नाही. पॉलिसी गेली की बसतं, आणि कोटभराचा टर्म विमाही (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) बसतो. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला 15 हजारांच्या आसपास.

परत आलेल्या लाखातले 30 हजार पिल्लासाठी वेगळे ठेवा. बाकीच्या पैशांची खरीखुरी एफडी करा, घराच्या अडीअडचणीसाठी. कुत्र्याचा विमा आत्ता नको. नेहमीच्या लसींचा खर्च त्यात सहसा मिळत नाही, आणि पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) झाला तर सलाइनचे पैसे आधी रोख मोजावे लागतात. तेव्हा हे 30 हजारच कामाला येतील.

पैसे खात्यात येईपर्यंत पिल्लू तिथेच राहू द्यावं अशी शेल्टरवाल्यांना विनंती करा आणि लेकीला रविवारी भेटायला न्या. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) यांच्या लसीचे डोस साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. किती झालेत ते लिहिलेलं कार्ड मागून घ्या. आणि एक चांगला पट्टा आणा. कारवानी रक्त आहे, मांजर दिसली की हातातून सुटेल.