वाचकांचे प्रश्न : अमेरिकी अध्यक्षांची कामगिरी बातम्यांतून कशी वाचावी?

अमेरिकेच्या अध्यक्षांवरच्या बातम्या, जनमत चाचण्या आणि पक्षीय वृत्तवाहिन्या यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एकाच आठवड्यात एका चाचणीत अध्यक्षांना ४२ टक्के पसंती आणि दुसरीत ४६. प्रत्येक वाहिनी आपल्या सोयीचा आकडा दाखवते. खोटं कोण बोलतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक वेळा कुणीच नाही. १,००० जणांच्या चाचणीत नमुन्यामुळे होणारी चूक दोन्ही बाजूंना साधारण ३ टक्के धरतात. पण ही मर्यादा एका आकड्याची झाली. दोन वेगळ्या चाचण्यांमधला फरक तपासायचा असेल तर ती जवळपास साडेचारवर जाते. तुम्ही लिहिलेला ४ टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ‘अध्यक्षांच्या लोकप्रियतेत घसरण’ असे मथळे बऱ्याचदा दोन-तीन टक्क्यांच्या हालचालीवर दिले जातात. त्यांच्याकडे सरळ दुर्लक्ष करावं.

दुसरी गोष्ट, विचारलं कुणाला? काही संस्था सगळ्या प्रौढांना विचारतात, काही फक्त नोंदणीकृत मतदारांना, तर काही ‘संभाव्य मतदारांना’, म्हणजे मतदानाला नक्की जाईन असं सांगणाऱ्यांना. हे तीन गट सारखे नाहीत. बातमीच्या शेवटी बारीक अक्षरांत याचा उल्लेख असतो. तो नसेल तर त्या आकड्याला फार किंमत देऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि बातम्यांत ती क्वचितच येते : नमुन्यात कोणत्या पक्षाचे किती लोक आले? एक काल्पनिक हिशेब करून पाहा. समजा रिपब्लिकन अध्यक्षांना ९० टक्के रिपब्लिकन, ५ टक्के डेमोक्रॅट आणि ३५ टक्के अपक्ष (स्वतःला कोणत्याच पक्षाचे न म्हणवणारे मतदार) पसंती देतात. नमुन्यात रिपब्लिकन ३०, डेमोक्रॅट ३० आणि अपक्ष ४० टक्के असतील तर एकूण पसंती ४२.५ येते. तेच प्रमाण ३४, २८ आणि ३८ केलं तर ती ४५.३ होते. एकाही माणसाचं मत बदललेलं नाही, तरी आकडा जवळजवळ तीनने वर गेला. चाचणी घेणाऱ्या संस्था वय, शिक्षण, वंश, प्रदेश यांनुसार उत्तरांना भार देऊन, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटाची उत्तरं जास्त धरून, नमुना सावरतात. पण मागच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं यावरून भार द्यायचा की नाही, यावर त्यांच्यातही एकमत नाही. म्हणून काही संस्थांचे आकडे सतत एका बाजूला झुकलेले दिसतात.

करायचं इतकंच : एक संस्था निवडा, तिचा तोच प्रश्न आणि तोच गट धरा आणि तीन-चार महिन्यांचे आकडे शेजारी मांडून बघा. नाहीतर अनेक चाचण्यांची सरासरी पाहा. आजचा आकडा एका संस्थेचा आणि मागच्या महिन्याचा दुसऱ्या संस्थेचा घेऊन केलेली तुलना वाचूच नका.

प्रश्न : पूर्वीच्या अध्यक्षांना ८०-९० टक्के पसंती मिळायची म्हणतात. आता कुणालाच पन्नाशी टिकवता येत नाही. नेते घसरले की माध्यमांनी लोकांना बिघडवलं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ते नव्वदचे आकडे कामगिरीचे नव्हतेच. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत धाकट्या जॉर्ज बुश यांना सप्टेंबर २००१ च्या सुरुवातीला ५१ टक्के पसंती होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दहा-बारा दिवसांत ती ९० वर गेली. तेवढ्या दिवसांत त्यांच्या कारभारात काही सुधारणा झालेली नव्हती. हल्ला झाल्यावर देश अध्यक्षांमागे उभा राहिला आणि विरोधी पक्षानेही टीका थांबवली. थोरल्या बुश यांना १९९१ मध्ये आखाती युद्ध जिंकल्यावर ८९ टक्के मिळाले, पुढच्या उन्हाळ्यात ते २९ वर आले आणि १९९२ ची निवडणूक ते हरले. ट्रूमन यांनी तर १९४५ मध्ये ८७ आणि १९५२ मध्ये २२ अशी दोन्ही टोकं पाहिली.

आता असे चढ-उतार होत नाहीत, याचं कारण पक्षीय दरी. रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात (१९५३-६१) रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांच्या पसंतीत सरासरी ३९ अंकांचं अंतर होतं आणि जवळपास निम्मे डेमोक्रॅटही त्यांच्या कामावर खूश होते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी गॅलपला रिपब्लिकनांमध्ये ८९ आणि डेमोक्रॅटांमध्ये ७ टक्के पसंती आढळली. अंतर ८२! दोन्ही टोकांचे लोक हलतच नसतील तर आकडा फक्त अपक्षांच्या हालचालीने वर-खाली होतो. म्हणूनच ट्रम्प यांच्या त्या अख्ख्या कारकिर्दीत गॅलपचा आकडा ३४ ते ४९ या पट्ट्यातच फिरला.

त्यामुळे बातमीत एकूण आकडा दिसला की आतला ‘अपक्ष’ हा रकाना शोधा. अध्यक्षांच्या कामाने काही हललं असेल तर ते आधी तिथे दिसतं. फक्त लक्षात ठेवा, १,००० च्या नमुन्यात अपक्ष ४०० च्या आसपास असतात, त्यामुळे त्या रकान्यातली चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते.

माध्यमांचा वाटा यात नक्की आहे. पण माध्यमांनी दरी पाडली की आधीच पडलेल्या दरीच्या दोन काठांवर त्यांनी दुकानं मांडली, याचा एकच एक निकाल देता येणार नाही. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत आल्या.

प्रश्न : रेगन यांच्या काळात समतोल बातम्यांचा नियम रद्द झाला आणि म्हणून रिपब्लिकनांकडे झुकलेली फॉक्स न्यूज वाहिनी जन्माला आली, हे खरं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अर्धंच खरं. वादाच्या विषयात दोन्ही बाजू द्याव्यात असा १९४९ पासूनचा नियम १९८७ मध्ये रद्द झाला. पण तो सरकारी परवान्यावर, हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनाच लागू होता. केबलवरच्या वाहिन्या त्यात कधी आल्याच नाहीत. फॉक्स न्यूज ऑक्टोबर १९९६ मध्ये केबलवर सुरू झाली, तेव्हा नियम असता तरी तिला आडकाठी नव्हती. परिणाम झाला तो रेडिओवर : १९८८ नंतर एका बाजूचे राजकीय बोलके कार्यक्रम देशभर पसरले.

प्रश्न : हार्वर्डच्या एका अभ्यासात ट्रम्प यांच्यावरच्या ८० टक्के बातम्या नकारात्मक निघाल्या होत्या. आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. हा पक्षपाताचा पुरावा मानायचा का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तो अभ्यास २०१७ चा, ट्रम्प यांच्या पहिल्या १०० दिवसांचा. अमेरिकेतली मोठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या तपासून बातम्यांचा सूर मोजला होता. सीएनएन आणि एनबीसी ९३ टक्के नकारात्मक, न्यूयॉर्क टाइम्स ८७, वॉल स्ट्रीट जर्नल ७०, फॉक्स ५२. ओबामांच्या पहिल्या १०० दिवसांत हाच आकडा ४१ होता, क्लिंटन यांच्या वेळी ६०.

आता मोजमापाची पद्धत पाहा. एक, तटस्थ सुराच्या बातम्या बाजूला काढून उरलेल्यांची टक्केवारी काढली होती. त्या साधारण एक तृतीयांश होत्या, म्हणजे ‘दर दहापैकी आठ बातम्या’ हे म्हणणं चुकीचं. दोन, बातमी अध्यक्षांच्या दृष्टीने चांगली की वाईट यावर तिचा सूर ठरवला होता. २७ जानेवारी २०१७ ला प्रवासबंदीचा आदेश निघाला, ३ फेब्रुवारीला सिएटलच्या न्यायाधीशांनी तो रोखला. २४ मार्चला आरोग्यविम्याचं विधेयक मतं कमी पडत असल्याने मागे घ्यावं लागलं. ‘न्यायालयाने आदेश रोखला’ ही बातमी शब्दाचाही मीठमसाला न लावता छापली तरी या मोजणीत ती नकारात्मकच. नकारात्मक बातमी आणि पक्षपाती बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग माध्यमांत पक्षपात नाहीच म्हणणारा दुसरा तट पूर्ण बरोबर का? तेही नाही. सूर मोजून न छापलेली बातमी सापडत नाही, आणि पक्षपात तिथे जास्त लपतो. बायडेन यांच्या वयाचंच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोपनीय कागदपत्रांच्या चौकशीसाठी नेमलेले विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात बायडेन यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला, तेव्हा कित्येक ठिकाणी चर्चा झाली ती हर यांच्या हेतूची. २७ जून २०२४ ला ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादविवादात बायडेन यांना अडखळताना सगळ्या देशाने पाहिलं, त्यानंतर त्याच न्यूजरूममधून सविस्तर वार्तांकन सुरू झालं. आधी नेटाने विचारायला हवा होता असा प्रश्न उशिरा विचारला गेला, आणि ही मोठी चूक होती. १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकनांचा वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास होता, २०२५ मध्ये गॅलपला तो २८ टक्के आढळला. अशा चुकांचा त्यात हात आहे.

घरातला वाद खरंच मिटवायचा असेल तर एक प्रयोग करता येईल. एकच वर्तमानपत्र किंवा वाहिनी घ्या आणि दोन वेगळ्या पक्षांच्या अध्यक्षांच्या काळात सारखीच घडलेली घटना निवडा : महिन्याचा रोजगाराचा आकडा, सरकार ठप्प होणं, मंत्र्याचा राजीनामा. मग तीन गोष्टी टिपा. बातमी कुठे लावली, मथळ्यात क्रियापद कोणतं वापरलं (‘म्हणाले’ की ‘दावा केला’) आणि विरोधी बाजूचं म्हणणं कितव्या परिच्छेदात आलं. बातमी आणि मताचे कार्यक्रम मात्र वेगळे ठेवा. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री ॲरिझोना बायडेन यांच्या बाजूने सगळ्यांआधी जाहीर केलं ते फॉक्सच्या निकाल कक्षाने. पुढे मताच्या कार्यक्रमांत झालेल्या मतदान यंत्रांबद्दलच्या खोट्या आरोपांपायी याच वाहिनीला ती यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीशी ७८.७५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, ती २०२३ मध्ये.

प्रश्न : ‘माझ्या काळात इतक्या नोकऱ्या वाढल्या’ असं प्रत्येक अध्यक्ष सांगतो. तपासायचं कसं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी मोजणी कुठून सुरू केली ते पाहा. रोजगाराचा सरकारी आकडा महिन्याच्या १२ तारखेला धरून असलेल्या पगाराच्या कालावधीचा असतो. नवे अध्यक्ष शपथ घेतात २० जानेवारीला, म्हणजे तो जानेवारी मावळत्या अध्यक्षांचा. मोजायला सुरुवात फेब्रुवारीपासून करायची.

मग मध्ये काय घडलं ते पाहा. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत फेब्रुवारी २०२० पर्यंत ६० लाखांहून जास्त नोकऱ्या वाढल्या होत्या, एकट्या एप्रिल २०२० मध्ये २ कोटींहून अधिक गेल्या. बायडेन सुमारे १ कोटी ६० लाख वाढल्याचं सांगत, पण त्यांतल्या ९० लाखांहून अधिक नोकऱ्या करोनात गेलेल्याच परत आल्या होत्या. दोन्ही पक्षांची वाक्यं हिशेबाने खरी आणि एकेकटी वाचली तर फसवी आहेत.

पहिला आकडा कच्चा असतो हेही विसरू नका. कंपन्यांची उत्तरं उशिरा येतात, म्हणून पुढचे दोन महिने त्यात दुरुस्ती होते. १ ऑगस्ट २०२५ ला मे आणि जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आले आणि ट्रम्प यांनी त्याच दिवशी आकडेवारी खात्याच्या प्रमुखांना काढून टाकलं. दुरुस्ती मोठी होती, पण दुरुस्ती होणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे. त्यासाठी अधिकाऱ्याला घालवणं हे आम्हाला चुकीचं आणि घातक वाटतं, कारण उद्या चांगला आकडा आला तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

महागाईचंही तसंच. जून २०२२ मधला ९.१ टक्के हा दर जानेवारी २०२५ पर्यंत ३ टक्क्यांवर आला. दर उतरला, किमती उतरल्या नाहीत. एक वाहिनी दर सांगते, दुसरी अंड्यांचा भाव दाखवते.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर भरावे लागणार या बातमीने आमच्या मुलाने सुट्टी अर्धवट टाकून पुण्याहून तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी कळलं की गरजच नव्हती. अशा वेळी नेमकं काय वाचायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुलाने घाई केली हे चूक नव्हतं. का ते सांगतो.

१९ सप्टेंबरला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी उद्घोषणेवर सही केली. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी रक्कम दरवर्षी भरावी लागेल असं सांगितलं आणि जगभर तोच मथळा झाला. उद्घोषणेच्या मजकुरात ‘दरवर्षी’ असं कुठेच नव्हतं. तो वाचला असता तर हा गैरसमज तिथल्या तिथे फिटला असता. पण त्याच मजकुरात देशात ‘प्रवेश’ रोखण्याची भाषा होती, आणि आधीच व्हिसा असलेले पण त्या क्षणी परदेशात असलेले लोक वगळले आहेत असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. अंमल २१ तारखेला रात्री १२ वाजून १ मिनिटाने, म्हणजे आपल्याकडे सकाळी ९.३१ ला सुरू होणार होता. त्यामुळे कंपन्यांनी ‘लगेच परत या’ म्हटलं ते योग्यच होतं. २० तारखेला व्हाइट हाउसने आणि इमिग्रेशन खात्याने खुलासा केला : रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जांना, जुन्या व्हिसाधारकांना आणि नूतनीकरणाला नाही.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर मूळ कागद काढा. तो कार्यकारी आदेश आहे, उद्घोषणा आहे की नुसतं निवेदन, ते बघा. समाजमाध्यमावरच्या पोस्टने आपोआप कायदा बदलत नाही. मग कागदात चार ओळी शोधा : कुणाला लागू, कधीपासून, किती काळ, अपवाद कोणते. या उद्घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची होती, हे कित्येक बातम्यांत आलंच नाही. त्यानंतर संबंधित खात्याचं परिपत्रक पाहा, कारण खिडकीवर बसलेला अधिकारी त्याप्रमाणे वागतो. या प्रकरणात ऑक्टोबरमध्ये आणखी खुलासा आला की अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना, उदाहरणार्थ तिथे शिकलेल्या विद्यार्थ्यांना, ही रक्कम लागू नाही. परिपत्रक येईपर्यंत वाहिन्यांवरच्या चर्चेपेक्षा कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचा ईमेल जास्त भरवशाचा. आणि तो ‘परत या’ म्हणत असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, निघावं.