दोन डोळ्यांची जुळणी

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी वाचायला बसली की दहा मिनिटांत तिचे डोके दुखते आणि अक्षरे दुहेरी दिसू लागतात. चष्म्याचा नंबर नाही. डोळ्यांच्या व्यायामाने फरक पडेल का?

उत्तर : जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळत नसावेत, अशी शंका येते, मात्र आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. दोष हाच निघाला, तर व्यायामाचा उपयोग नक्की होतो. अमेरिकेतील २००८ सालच्या चाचणीत ज्या मुलांनी १२ आठवडे दवाखान्यात देखरेखीखाली आणि शिवाय घरीही सराव केला, त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के मुलांना गुण आला. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. मला स्वतःला मण्यांचा व्यायाम फार मोलाचा वाटतो. दोरीचे एक टोक नाकाशी धरून तिच्यात ओवलेल्या रंगीत मण्याकडे पाहिले, की एकीच्या दोन दोऱ्या दिसतात आणि त्या नेमक्या त्याच मण्यावर छेदायला हव्यात. फुली अलीकडे-पलीकडे पडली, तर चूक मुलीला स्वतःलाच कळते. वाचनाचे आकलन मात्र या उपचाराने वेगळे असे सुधारत नाही, हे २०१९ सालच्या चाचणीत दिसले. त्यामुळे डिस्लेक्सियावरचा (अक्षरे ओळखून वाचणे जड जाण्याच्या शिक्षण-अडचणीवरचा) इलाज म्हणून कोणी तो सुचवला, तर कृपया पैसे भरू नका.