अबॅकसने मेंदूचा विकास होतो हे ‘संशोधनाने सिद्ध’ झालंय का? पालकांच्या ग्रुपवरचे असे दावे कसे तपासावेत?

अबॅकसने, म्हणजे मण्यांच्या पाटीवर हिशोब शिकल्याने, तोंडी हिशोब सुधारतो, याला चांगला पुरावा आहे. स्मरणशक्ती किंवा बुद्धी वाढते, याला तसा पुरावा नाही. ग्रुपवर मात्र पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरा दावा गळी उतरवला जातो, आणि पालक त्यावर हजारो रुपये भरतात.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्याच्या एका शाळेतल्या २०४ मुलांचा तीन वर्षं अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला मुलं ५ ते ७ वर्षांची होती. निवड न करता, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाला आठवड्याला ३ तास अबॅकस, दुसऱ्याला तेवढेच तास नेहमीचं गणित जादा. हे ‘तेवढेच तास’ फार महत्त्वाचं, नाहीतर फरक अबॅकसमुळे पडला की जादा सरावामुळे, हे कळलंच नसतं. शेवटी अबॅकसची मुलं अंकगणितात पुढे होती, कार्यरत स्मृतीसारख्या (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) मूलभूत क्षमतांत नव्हती. शिवाय वस्तूंच्या जागा लक्षात ठेवण्याची क्षमता ज्यांची आधीपासूनच चांगली होती, त्यांना फायदा जास्त झाला.

आता ‘आधी ४० गुण, सहा महिन्यांनी ६०’ अशी पोस्ट घ्या. तुलनेचा गट कुठे आहे? सहा महिन्यांत मुलं शाळेतही शिकतात. त्यातून सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली असतील, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण काहीसे आपोआप वर येतात, कारण पहिल्या वेळी त्यातल्या काहींचा दिवसच वाईट गेलेला असतो. मग चाचणी कोणी काढली ते विचारा. क्लासमध्ये घोटलेल्या धर्तीच्याच बेरजा असतील, तर निकाल फुगतो.

मेंदूच्या रंगीत चित्राला भुलू नका. हिशोब करताना कोणता भाग काम करतो एवढंच ते दाखवतं.

मूळ शोधनिबंध मिळाला तर ‘परिणामाचा आकार’ (effect size) शोधा, म्हणजे दोन गटांतला फरक किती मोठा हे सांगणारा आकडा. ०.२ म्हणजे शंभरात मधोमध असलेलं मूल खालून मोजलं तर साधारण ५८व्या स्थानापर्यंत वर सरकतं. शिक्षणात हा फरक क्षुल्लक नाही, पण जाहिरातीतल्या ‘दुप्पट वेगा’च्या जवळपासही नाही.

मुलाची गाडी हातच्याच्या बेरजेत अडत असेल, तर अबॅकस जरूर लावा. शाब्दिक उदाहरणं कळत नसतील, तर तोच वेळ ती उदाहरणं वाचून, चित्र काढून सोडवण्यात घालवा.